न पेरलेला उतार

रिसोड, ता. ११ फेब्रुवारी १९३८

बाई,

तुह्या पायावर डोकं ठेवतो. इकडं सारे खुशाल. हे पत्र रुखमीसंगंच पाठवून राह्यलो. तुही पोरगी आता असं वाचते, की माह्या शाळेतले पोट्टे तोंडात बोट घालतात. तीच तुले वाचून दाखवीन.

परवा बाजारात एका बाईपाशी कडूकांदे होते. रुखमीनं एक उचलला अन् "मामा, रताळं!" म्हणून थेट दातात धरला. म्या झटकन हिसकला. लोक हसले. मले काही हसू आलं नाही.

हिच्याच वयात तू मले आपल्या आंध जमातीच्या वस्तीमागच्या उतारावर नेत होतीस. कडूकांदा कोणता, त्याचं इख जावं म्हणून राखेच्या पाण्यात किती डाव उकळाचा, सारं तिथंच शिकलो. टेंबरं तोडताना वरडायचीस, "अर्धी पाखराईची, डिगा! हात आखड." अर्धं म्हंजे किती, हे मले गुरुजीच्या आधी तुह्यापासून समजलं. मोह वेचताना दिवसभर भांडायचीस, अन् वेचलेलं माह्याच टोपल्यात टाकायचीस. माय वो, किती आठवते ते!

रुखमीले हे कुठं शिकवाचं? दोन वर्सं झाले, तिथं तारेचं कुंपण आहे.

तवापासून तू पटवाऱ्याले शिव्या देतेस. त्याची बायको रुपाबाई तुही जिवाची मैतरीण, तिच्या दारातून तोंड फिरवून जातेस. बाई, त्यायले सोड. पटवाऱ्यानं फक्त कागद आणला होता. भरला म्या. 'या जमिनीत काय पेरता?' असं इचारलं होतं. मी शिकलेला माणूस! वळणदार अक्षरात लिहिलं, 'काही नाही.' आपण तिथं कधी काय पेरलं? सारं आपल्या आपण येत होतं. कागद वर गेला, अन् उतार पडीक म्हणून सरकारजमा झाला.

रुखमे, थांबू नको. पुढं वाच.

उतार परत भेटावा म्हणून केलेल्या आपल्या अर्जाच्या सुनावणीची सोमवारी वाशीमले शेवटची तारीख आहे. हुकलो तर झाडं तुटतात. ते अक्षर माहं आहे, हे मी साहेबापुढं सांगीन. मास्तरकीची नोकरी राह्यली तर राह्यली. पण उतारावर काय काय होते, कोणत्या महिन्यात, कायच्या कामाचं, हे इचारलं तर काय सांगू? अर्धी नावं इसरलो, बाई. तुलेच बोला लागन.

जऊळक्याहून सकाळची गाडी धर. मी वाशीमच्या टेसनावर उभा राहीन. मारायचं असन तर तिथंच मार, चारचौघात. पण ये.

भाऊ म्हणून सही कराले हात धजत नाही.

तुहा विद्यार्थी,
डिगांबर