वळणावर मान वर

बमरोली, सुरत
गुरुवार, जेवणाची सुट्टी

प्रिय सुषे,

चलथाण इथून सायकलवर तासाभराचं, आणि मी तुला पत्र लिहायला बसलेय, म्हणजे तू आधी हसणार. हस. उद्या तुझे हे, म्हणजे आमचे विकासदाजी, बमरोलीला येणार आहेत, त्यांच्या हाती हे देईन. फोन का नाही केला, ते शेवटी सांगते. आधी माझी अडचण ऐक. जानेवारीत कच्छच्या रणाकडे सायकली घेऊन जायचं मी ठरवलंय, हे तुला माहीत आहे. तू येणार नाहीस, गुडघा दुखतो, असं तू दिवाळीतच सांगितलंस, तेही मी विसरले नाही. पण भुजच्या सायकलवाल्यांना शनिवारपर्यंत कळवायचं आहे, की गाइडसोबत येणार की आपलं आपण जाणार. मी महिनाभर या एका प्रश्नाला चिकटून बसले होते.

माझा स्वभाव तू ओळखतेस. गॅस बंद केलाय का ते बघायला मी दोन मजले परत चढते. प्रोसेस हाऊसमध्ये रंगाला जायच्या आधी ग्रे, म्हणजे कोरं कापड तपासायचं माझं काम, तर पास केलेला कापडाचा तागासुद्धा मी जाता जाता पुन्हा उलगडून बघते. बाकीच्या बायका म्हणतात, गायत्रीच्या हातून कापड सुटतं ते फाटूनच. अशा माणसाने गाइडसोबत जावं, हे शेजारच्या मालतीबाईसुद्धा सांगतील. सांगितलंच त्यांनी. आमच्या मायने तर त्याही पुढे जाऊन सांगितलं की, तू गाइडसोबतच जा, म्हणजे आम्हाला छळतेस तसं तेवढे दिवस त्याला छळशील.

आणि खरंच, गाइडसोबत सोपं आहे. मागून गाडी येते, त्यात पाणी आणि जास्तीचे टायर असतात. मिठाचा थर कुठे पक्का आणि कुठे खाली चिखल, हे गाइडला ठाऊक असतं. आपण फक्त त्याच्या चाकामागे चाक ठेवायचं. आपलं आपण जायचं तर ते लोक रस्ता फोनमध्ये घालून देतात, रात्रीच्या मुक्कामाचं घर ठरवून देतात, अडल्यावर करायला एक नंबर देतात आणि सकाळी निरोप देतात. पुढे टेकड्या, काटेरी बावळ, म्हणजे आपली बाभूळ, आणि आपण. त्या बावळीचा काटा टायरमधून असा आरपार जातो की बघत राहावं. पंक्चर मीच काढायचं, वळण मीच ओळखायचं, आणि चुकलं तर ती चूकही माझीच.

मागच्या वर्षी मी गाइडसोबतच गेले होते. लखन नावाचा, कच्छचाच, स्वभावाने चांगला. त्याच्या गळ्यात शिट्टी असते. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे मागे या. पण तिकडचा वारा तू बघायला हवास. उघड्या माळावर तो कानात असा भरतो की शेजारच्याचं बोलणं ओठांवरच राहतं. दुसऱ्या दिवशी आमच्यातले एक वडोदऱ्याचे काका मागे पंक्चर होऊन बसले. त्या दिवशी गाडी दुसऱ्या रस्त्याने गेली होती. लखन बराच पुढे होता, मी मध्ये. मी सायकल उभी केली, त्याने वळून बघितलं, तसा मी हात वर करून दोन बोटं मोडल्यासारखी केली आणि अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. तार तुटली, मागे ये. त्याने हसून हात हलवला आणि निघून गेला. आणि मी काय केलं असेल? निवांत काकांजवळ जाऊन उभी राहिले! काकांना म्हटलं, सांगितलंय मी, येईल तो. काका म्हणाले, केव्हा सांगितलंस बेटा, मला तर काही ऐकू आलं नाही. डोकं तापेपर्यंत आम्ही उन्हात उभे. लखन परत आला तो घाबराघुबरा होऊन. म्हणाला, "अरे बेन, बूम तो मारनी थी, चिल्लाना था! हाथ से क्या मच्छर उड़ा रही थी?"

तुला हसू आलंच असेल. मला मात्र तेव्हा काही कळेना. लूमखात्यात वाढलेल्या माणसाला ओरडायचं सुचतच नाही. आमचे आप्पा आणि तुझे बाबा, निंबाकाका, एकाच ओळीत लूम चालवायचे, आणि आपण डबे घेऊन जायचो. आत पाऊल टाकलं की त्या खडखडाटात आवाज काढून उपयोगच नसायचा. दोन बोटं मोडली म्हणजे सुताची तार तुटली. मूठ उघडून मिटली की जोडली, चालू कर. पोटासमोर हाताने मोठा गोल काढला की शेठ आले. हीच भाषा आपण शाळेत नेली, आणि कुलकर्णी बाई वर्गात आल्या की तू पहिल्या बाकावरून पोटाचा गोल काढायचीस. बाई वाळलेल्या काडीसारख्या, तरी! आप्पांची एक सवय आठवते का? धोट्यातली कांडी बदलली की मान वर. स्वतःचा लूम सोडून एकदा निंबाकाकांकडे बघायचं, त्यांनी इकडे बघायचं, आणि दोघांनी परत खाली. हाक नाही, काही नाही. त्या उन्हात काकांजवळ उभी असताना मला वाटलं, एवढ्या मोठ्या रणात माझी खूण कळणारं एकच माणूस आहे, आणि ते चलथाणला साखर कारखान्याच्या मागच्या गल्लीत राहतं.

आता जे लिहितेय ते नीट वाच आणि रागावू नकोस. मागच्या महिन्यात मी लखनला फोन केला. विचारलं, माझी एक मैत्रीण आहे, सायकल माझ्यापेक्षा चांगली चालवते, तिनेच मला दांड्याखालून पाय घालून शिकवली. पण तिला दोन वर्षांपासून ऐकू कमी येतं, आता बरंचसं येतच नाही. चालेल ना? तो म्हणाला, बेन, मेरे सब लोग सीटी पर रुकते हैं, आगे दलदल हो और वो न रुके तो मैं क्या करूँ? मी भांडले नाही. दहा माणसं सांभाळणाऱ्याचा नियम आहे, आणि त्याच्या जागी तो बरोबर आहे. उलट त्यानेच सांगितलं, मिठाकडे न उतरता टेकड्यांच्या दगडी वाटेने गेलात तर दलदल लागतच नाही. ती वाट मी मागच्या वर्षी केलेली आहे.

गुडघा नाही दुखत तुझा, सुषे. मागच्या रविवारी मी आले तेव्हा तू माळ्यावरून पाण्याचं पिंप उतरवत होतीस. मी बोलत होते आणि तू सगळ्याला हो म्हणत होतीस. तुमच्या घरातल्या कलाबाई आत्यांच्या पायाला कोणतं औषध लावता, असं विचारलं त्यालाही हो. कानाचं मशीन तुझ्या कपाटात होतं. फोन वाजला तर तू तो मुलीच्या हाती देतेस, आणि माझ्या मेसेजला नुसता अंगठा येतो. मी निघाले तेव्हा गल्लीत उसाचे ट्रॅक्टर लागलेले, मला स्वतःचंही बोलणं ऐकू येईना. समोरून विकासदाजी पोट पुढे काढून चालत येत होते. माझा हात आपोआप उठला, आणि मी पोटाचा गोल काढला. तू दारातून तिथल्या तिथे उत्तर दिलंस, डबल गोल! आणि अशी हसलीस की दाजी शर्ट खाली ओढायला लागले. ते हसू हो-हो वालं नव्हतं.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. म्हटलं, गाइड नाही, दोघीच, आणि जबाबदारी माझी, मला भीती वाटते. ते म्हणाले, "कसाले घाबरस? ती निंबानी आंडेर शे." बस, एवढंच. निंबाची लेक आहे, यात त्यांच्या दृष्टीने सगळं आलं. मी मात्र मी आहे, त्यामुळे दोन्ही टायरमध्ये पंक्चर भरणारं द्रव घालून घेतलं, नकाशा कागदावरही उतरवला, आणि तुझ्या हँडलला लावायला आरसा आणला. तू पुढे राहशील, कारण माझ्या मागे राहिलीस तर कंटाळून जाशील. नियम एकच. प्रत्येक वळणावर मान वर. तू मागे बघायचं, मी हात वर करायचा.

शनिवारची वाट न बघता काल मी भुजला कळवून टाकलं, आपलं आपण, दोन जणी. इतकं न विचारता मी आयुष्यात काही केलेलं नाही, आणि गंमत म्हणजे रात्री शांत झोप लागली. फोन केला असता तर तो मुलीने घेतला असता, आणि तुझ्या वतीने तिने नाही सांगितलं असतं. समोर येऊन बोलले असते तर तू हो म्हणाली असतीस, आणि त्या हो चा मला भरवसा नाही. म्हणून पत्र. रविवारी सकाळी मी सायकल घेऊन तुमच्या गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीखाली उभी राहीन. दार वाजवणार नाही, हाक मारणार नाही. तू गच्चीवर ये. यायचं नसेल तर दोन बोटं मोडून दाखव, मी गपचूप परत जाईन आणि भुजला एकटीचं कळवीन. यायचं असेल तर मूठ उघड आणि मीट. ते उत्तर चुकीचं वाचायची भीती मला नाही, आणि मला कशाकशाची भीती वाटते ते तुला माहीतच आहे.

टाकीखालून वर बघत उभी,
तुझीच, शेजारच्या लूमवरची
गायत्री