तिची ओटी

आई, काल भावाचा निरोप आला. भाचीचं लग्न परंड्यालाच आहे, आणि एकटीच ये, असं त्यानं मुद्दाम कळवलंय. ऐकून माझ्यासोबत राहणारी ती ज्वारी निवडत राहिली. आम्ही भूमला एका घरात राहू लागलो तेव्हा मी पंचविशीतही नव्हते. आता चाळिशी उलटली, तरी लग्नघर म्हटलं की ती अशीच कामात मान घालते.

तुझी चूल आठवते. निजामाचं राज्य होतं. आम्ही दोघी भूमला मुलींच्या शाळेत शिकवत होतो आणि सुटीत मी तिला घरी आणलं होतं. लहानपणीच नवरा गेलेली, कपाळ मोकळं. मुरुमचं चांगलं स्थळ मी नाकारलं, तेव्हा तव्यावरची भाकरी करपली तरी तू उलटली नाहीस. "लोकांचं बोलणं म्या सोसते," म्हणालीस, "पर म्हातारपणी तुला पाणी कोण देणार हाय?" मी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. तू आम्हा दोघींकडं बघत बसलीस. आमच्या मायेला आपल्याकडं नावच नव्हतं, टोमणे तेवढे होते. शेजारची मावशी हसत विचारायची, "काय गं, दोघींत नवरा कोण?"

सकाळी आम्ही निघालो, तर तू पाट मांडून तिला बसवलंस. खण, नारळ, ओंजळभर गहू. विधवेची ओटी कोण भरतं? तिला पदर नीट धरता येईना. मावशी दारातूनच म्हणाली, "येडी झालीस काय? तिची कसली ओटी?"

तू मान वर केली नाहीस. "माझ्या लेकीला पाणी देणारी हाय ती. रिकामी कशी धाडू?"

पुढं घरमालकानं घर सोडायला लावलं, शाळेत कुजबुज झाली, तू गेलीस तेव्हा भावानं तिला ओसरीवरच बसवलं. दरवेळी मी तुझ्या त्या बोलण्याला धरून उभी राहिले. तो खण तिनं कधी शिवला नव्हता. आज पेटीतून काढून माझ्यापुढं ठेवला. "चोळी शिवून दे," म्हणाली, "मीबी येते लग्नाला."

मी शिवतेय. टाका वाकडा जातो. आत्ताच तिनं विचारलं, "तुझ्या आईला सगळं कळलं होतं ना?" नेहमीसारखं मी हो म्हणाले. खरं सांगू? मला माहीत नाही. तू तिच्यात माझी जन्माची सोबतीण पाहिलीस, की म्हातारपणी पाणी देणारा एक हात, हे तुला विचारायचं मला धाडस झालं नाही. हा कागद तिच्या नजरेला पडायच्या आत चुलीत घालीन.