वारा नव्हता

६ फेब्रुवारी

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शेजारणीच्या मांजरावर दीड पान आणि गुडघ्यावर अर्धी ओळ, यावरून गुडघा बराच दुखतोय हे ओळखलं. मेट्रन म्हणून निवृत्त झालीस, पण रोगी म्हणून अजून रुजू झालेली नाहीस.

इकडे घरी सगळे ठीक. बिघडलंय ते माझंच, आणि ते घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मला पथकाची प्रमुख केल्याला आता थोडे महिने झाले. काम पूर्वीचंच. पुलाच्या कठड्यावरून दोराने खाली उतरायचं आणि लोखंडी तुळयांना कुठे तडा गेलाय का, गंज चढलाय का ते जवळून पाहायचं. आमची एक पद्धत आहे. वारा पाहणाऱ्याने ‘चालेल’ म्हटल्याशिवाय कुणी उतरत नाही. आणि प्रमुखाने ‘वर’ म्हटलं की कुणी का म्हणून विचारत नाही, हातातलं काम सोडून वर येतात. कारण वर आल्यावर सांगायचं.

परवा पुलाखाली लटकलेली असताना माझे हात थांबले. पुढची तुळई हातभर अंतरावर होती, दोर जरासा सोडायचा होता, आणि बोटं उघडेनात. खालची नदी रोजचीच, पण तिच्याकडे बघवेना. इतकी वर्षं हे काम करते, असं कधी झालं नव्हतं. वय म्हणू, अपुरी झोप म्हणू, की नुसतीच भीती, मला ठरवता येत नाही. मी ‘वर’ म्हटलं.

वर आल्यावर सगळे कारणासाठी माझ्याकडे बघत उभे राहिले. मी सांगितलं, वारा वाढलाय. वारा नव्हता, मावशी. काठावरचं गवतसुद्धा हलत नव्हतं. वारा पाहणारा आमचा पवनचक्की (लांब हात हलवत बोलतो म्हणून तड्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्या फोटोवालीने त्याला हे नाव दिलंय) हातातल्या यंत्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘माझ्याच नजरेतून सुटलं असेल.’ मी त्याला तसं म्हणू दिलं.

आता तू सांग. ज्यांचा जीव माझ्या एका शब्दावर टांगलेला असतो, त्यांना मी घाबरले होते हे सांगू का? उद्या माझ्या भरवशावर कोण उतरेल? मला काळजी त्यांची आहे की खुर्चीची, हेही स्वतःला विचारून पाहिलं. निम्मी निम्मी म्हणणार होते, पण खुर्चीची जास्त निघाली.

लोभ आहे तसाच राहू दे. थोडा वाढवलास तर सध्या उपयोगी पडेल.

तुझी,
खारूताई


११ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा माझा आहे, त्याचं मी बघते. लहानपणी तू माळ्यावर चढून बसायचीस आणि मग उतरता येत नाही म्हणून भोकाड पसरायचीस. तेव्हा बरं सगळ्या आळीला सांगता यायचं! आता एका माणसाला सांगायचं तर पाच पानांचं पत्र.

आमच्याकडे एक सर्जन होते. ऑपरेशनच्या आधी हात धुताना एके दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की लेकीला ताप असल्यामुळे माझी झोप झालेली नाही, आज माझं काही चुकताना दिसलं तर तिथल्या तिथे बोला. मी तेव्हा नवी होते. मला वाटलं, झालं, आता यांच्या हाताखाली कोण निर्धास्त राहणार? पण त्या दिवशी खोलीत प्रत्येकाचे डोळे जास्त उघडे होते. मी स्वतः त्यांना एकदा थांबवलं आणि त्यांनी मान डोलावून आभार मानले. दुसरे एक होते, त्यांना कधी काही व्हायचंच नाही. त्यांच्या खोलीत आम्ही शिंकसुद्धा दाबून धरायचो. त्यांची चूक दिसली तरी बोलायची कुणाची छाती होत नसे.

तू सांग किंवा सांगू नकोस, मी ठरवणार नाही. एक मात्र खटकलं. तुझ्या पत्रात तो पवनचक्की यंत्राकडे बघत उभा राहतो आणि तू त्याला तिथेच सोडून स्वतःकडे वळतेस. त्याचं पुढे काय झालं?

जेवत जा. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
मावशी


२० फेब्रुवारी

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

तुझा शेवटचा प्रश्न वाचला. उत्तर मला माहीत होतं. फक्त मी तिकडे बघत नव्हते.

त्या दिवसापासून पवनचक्कीच्या तोंडून ‘चालेल’ निघेना. यंत्र बघायचा, पुसायचा, परत बघायचा. दुसऱ्या पथकाकडून आणखी एक यंत्र मागून आणलं. दोन्हींचे आकडे जुळले तरी समाधान नाही. स्वच्छ, शांत दिवशी आम्ही कठड्यापाशी ताटकळत उभे. आणि सोमवारी तो माझ्याकडे आला. म्हणाला, मला सामानाच्या खोलीत बदली द्या, ज्याला स्वतःच्या डोळ्यांची खात्री नाही त्याने दुसऱ्याला उतर म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी उतरायचे पट्टे अंगावर बांधायच्या आधी, मी पुलावर सांगून टाकलं. आधी मनात घोकून ठेवलेली वाक्यं होती, ती ऐन वेळी गेली. एवढंच म्हणाले की त्या दिवशी वारा नव्हता, माझे हात उघडत नव्हते, मी घाबरले होते आणि खोटं बोलले. पवनचक्कीचं काहीही चुकलं नव्हतं.

तो रागावला. रागावणारच. पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. परत आला तेव्हा म्हणाला की मी डोळे तपासून घेतले, बाई. डॉक्टर म्हणाले डोळे उत्तम आहेत, तर मी घरी येऊन म्हटलं, या डॉक्टरलाच दिसत नाही. यावर फोटोवालीला हसू आलं, मग त्यालाही. वर उभं राहून आमचा दोर धरणारे दोरवाले काका मात्र हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की त्या दिवशी दोर त्यांच्या हातात थरथरला होता. आपलेच हात म्हातारे झाले असं समजून ते गप्प राहिले होते. बघ, माझ्या एका खोट्याने किती जण आपापल्या घरी जाऊन स्वतःला तपासत बसले होते. फोटोवाली म्हणाली, तेवढी मीच निर्दोष, मी तेव्हा डब्यात काय असेल याचा विचार करत होते.

साहेबांनाही सांगितलं. ते शांत होते, पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी उतरायचं नाही, आणि प्रमुखपदाचं काय ते पथकाशी बोलून ठरवू, असं म्हणाले. ते योग्यच आहे. भीती वाटते, तरी झोप लागते.

तुझ्या रागाइतकाच तुझा लोभही हवा आहे.

तुझी,
खारूताई


२६ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून मांजराला दाखवलं. त्याने जांभई दिली. मी मात्र दोनदा डोळे पुसले.

पद गेलं तर जाऊ दे असं मी म्हणणार नाही. तू ते मेहनतीने मिळवलंस आणि ते गेलं तर मला वाईट वाटेल. पण पवनचक्कीला तू त्याचे डोळे परत दिलेस, ते आता कुणी काढून घेऊ शकत नाही.

तुझ्या नादाने मीही एक केलं. शेजारणीला सरळ सांगितलं की जिना उतरताना मला कुणाच्या तरी हाताचा आधार लागतो. ती म्हणाली, किती दिवस वाट बघत होते विचारायची, पण तुम्ही मेट्रन, धीर होईना!

कळव लवकर. जीव तिकडे लागलाय.

तुझी,
मावशी


९ मार्च

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी उतरायला हरकत नाही असं लिहून दिलं. साहेबांनी पथकातल्या तिघांना एकेक करून बोलावलं होतं. आत काय बोलले ते मला कुणी सांगितलं नाही, पण पद राहिलं आहे.

आता आम्ही पट्टे बांधण्याआधी आपापली हालत सांगतो. सुरुवात मी करते. फोटोवालीची दाढ ठणकत होती, काकांची सून दवाखान्यात होती, असं काय काय कळतं आणि त्याप्रमाणे कामं बदलतात. त्यानंतर काल पहिल्यांदाच माझा उतरायचा दिवस होता. मी सांगितलं की उतरायची इच्छा आहे, पण तळहातांना घाम येतोय. पवनचक्कीने यंत्र एकदाच पाहिलं आणि म्हणाला, वारा चालेल. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुम्ही आज चालणार नाही.

क्षणभर मला झोंबलं. खोटं कशाला सांगू? पण झोंबणं ओसरल्यावर जे उरलं ते सुटकेसारखं होतं. मी पट्टा काढला. यंत्र फोटोवालीच्या हाती देऊन माझ्या जागी तो उतरायला निघाला. वरून त्याचा दोर धरायला काका पुढे झाले, तर त्याने मान हलवली आणि म्हणाला, दोर बाईंकडे द्या.

मी पाय रोवून उभी राहिले. तो कठडा ओलांडून खाली गेला आणि त्याचा सगळा भार माझ्या हातांत आला. हात घामेजलेले होते, पण पकड घट्ट होती. मावशी, या नोकरीत मला शाबासक्या मिळाल्या आहेत, पण एवढं वजनदार कुणी काही दिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बहुधा मी उतरेन. नाही उतरले तर तेही कळवेन. तू विचारलं नसतंस तर तो आज सामानाच्या खोलीत असता. त्याचे आणि माझे, दोघांचे नमस्कार घे, आणि आमच्यावरचा लोभ जरा ताणून धर.

तुझी,
खारूताई