इडेलाचे रिव्हॉल्व्हर आणि लीथाचा हात

टक्.

रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा पडतो तेव्हा एवढाच आवाज होतो. माझी बायको इडेला संध्याकाळी जेवणाची भांडी आवरली की गोळ्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची, रिव्हॉल्व्हर दोनदा उघडून रिकामे असल्याची खात्री करायची, हात स्थिर राहतो का ते पाहायला नळीच्या टोकावर एक नाणे आडवे ठेवायची आणि शेगडीमागच्या भिंतीवर नेम धरून उभी राहायची. मी खुर्चीत बसून शाळेत पाठ केलेली कविता म्हणायचो. ओळ संपली की ती चाप ओढायची. टक्. नाणे हलायचे नाही. पुढची ओळ. टक्. कवितेतले जहाज वादळात सापडायचे, कप्तान शिडाच्या दोरीला स्वतःला बांधून घ्यायचा, मी खुर्चीतून अर्धा उठायचो, आणि ती म्हणायची, "थर्मन, तुझं जहाज बुडायच्या आत लाकडं घेऊन ये. शेगडी विझतेय." समुद्र आम्ही दोघांनीही कधी पाहिला नाही. ते टक् मात्र आज या कागदापुढे बसल्या बसल्या पुन्हा ऐकू आले, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो.

मी थर्मन एस्टेप, कोळशाच्या मालगाडीवर ब्रेक सांभाळण्याच्या नोकरीतून निवृत्त, राहणार लॉरेल खोरे, पूर्व केंटकी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. समोर बसलेली शेजारीण ओव्हा स्लोन म्हणते की ते कधीच ठिकाणावर नव्हते, पण साक्षीदार म्हणून सही करायला ती तयार आहे, तेव्हा कायद्याचे काम भागते. मजवर कोणाचेही दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. इडेला होती तोवर सगळे तिच्या हवाली करायचे हे ठरलेलेच होते, आणि ती माझ्या आधी जाईल असे दोघांपैकी कोणाच्याच मनात आले नाही.

कलम पहिले. घर, घरामागचा उतार, झऱ्यापर्यंतची जमीन, कोंबड्यांचा खुराडा व त्यातील कोंबड्या हे सर्व माझ्या पश्चात माझी नात लीथा हिला मिळावे. लीथा माझ्या दिवंगत मुलीची मुलगी. तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे व सध्या माझ्याजवळ राहते.

या कलमाला खुद्द लीथाची हरकत आहे, ती प्रामाणिकपणे नोंदवतो. गेल्या महिन्यात मी दाढदुखीसाठी शहरात गेलो असता दिवसाढवळ्या कोणी अनोळखी माणूस मागच्या दाराची कडी हलवून गेला. लीथा आत एकटी होती. तिने पोलिसांना फोन केला. ते आले, चांगले वागले, पण डोंगरातून यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. त्या दिवसापासून ती म्हणते, "आजोबा, माझ्या नावावर नका करू. तुम्ही आहात तोवर ठीक. नंतर मी इथे एकटी नाही राहू शकणार. मामाला द्या, तो विकून टाकेल."

मामा म्हणजे माझा मुलगा ड्वाइट. तो लेक्सिंग्टनला असतो. त्याचेही म्हणणे हेच. "बाबा, ती पोरगी त्या खोऱ्यात एकटी? तुम्ही कवितेत राहता की जगात?"

मी लीथाला एवढेच सांगितले की तुझ्या आजीची गोष्ट पूर्ण ऐक, मग नाही म्हण. तिला ती तोंडी सांगायला गेलो की ती रडते किंवा मी रडतो. म्हणून येथे लिहितो. मृत्युपत्रात गोष्ट लिहू नये असा कायदा असल्याचे माझ्या माहितीत नाही.

आमच्या लग्नानंतरची सुरुवातीची वर्षे. मी गाडीवर गेलो की दोन-दोन दिवस घरी नसे. ड्वाइट रांगत होता. एका दुपारी एक दारुडा सरळ स्वयंपाकघरात शिरला. इडेलाने पोराला एका काखेत घेतले आणि दुसऱ्या हाताने शेगडीवरचा बिडाचा तवा मक्याच्या भाकरीसकट उचलून त्याला हाणला. तो माणूस भाकरी खांद्यावर घेऊन पळाला. मी घरी आल्यावर तिने सगळे सांगितले, हसली, आणि मग म्हणाली, "थर्मन, तो एकटा होता आणि प्यालेला होता. दुसऱ्या वेळी तवा पुरणार नाही. मला पिस्तूल घ्यायचंय. आणि ते मी निवडणार."

आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने काचेच्या कपाटातून शिंपल्याच्या मुठीचे, तळहाताएवढे, चकचकीत रिव्हॉल्व्हर काढले. "हे खास बायकांसाठी, ताई. पर्समध्ये मावतं."

इडेला म्हणाली, "मला ते घेऊन पळायचं नाही. घरात उभं राहायचंय."

"हलकं आहे हो. बघा तरी."

"हलकं आहे म्हणूनच बघत नाही. हलकं घोडं जास्त उड्या मारतं. तुम्ही उडवलंय का हे कधी?"

दुकानदाराने उडवले नव्हते. मी तर त्या शिंपल्याच्या मुठीवर भाळलो होतो; मला ती चंद्रकोरीसारखी दिसली. आमच्याकडच्या पुरुषांची ही नेहमीची चूक आहे. बायकोसाठी पिस्तूल घ्यायचे म्हटले की लहान, नाजूक, शोभेचे घेतात. लहान पिस्तूल हातात कमी धरता येते आणि धक्का मात्र पुरेपूर देते. दोन गोळ्यांत बाईचे मन उडते आणि मग ते पिस्तूल कपाटात पडून राहते, हे आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या कपाटांना ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर तेव्हाच्या पाद्रीबाबांनी जाहीर केले, "इडेला पिस्तूल निवडते आहे. ज्याचं जे असेल ते जेवणाला घेऊन या." आमच्याकडची ही रीत. घरात पहिले हत्यार यायचे असेल तर शेजारी आपापली घेऊन येतात, गोळ्याही आणतात, आणि हातात धरून, उडवून बघू देतात. जुन्या दगडखाणीत मालमोटारीच्या मागच्या फळीवर गोधडी अंथरली. एका बाजूला बटाट्याची कोशिंबीर, भरलेली अंडी आणि सफरचंदाचा थरांचा केक. दुसऱ्या बाजूला उघडी, रिकामी, नळ्या टेकडीकडे केलेली पिस्तुले. प्रत्येक जण आपापल्याचे गुण असे सांगत होता जसे मुलीसाठी स्थळ सांगावे. एकजण म्हणाला, हे माझं लष्करातलं, याच्यापुढे काही नाही. त्याची बायको म्हणाली, "तुझ्यापुढेही काही नाही, पण तुला कुणी घरी नेतंय का?"

इडेला कोणाच्या बोलण्यात आली नाही. तिची निवड पाहताना मला माझ्या शाळेतल्या बाई आठवल्या. त्या कविता निवडताना आधी मोठ्याने म्हणून बघायच्या. जी श्वासात बसेल तीच आम्हाला शिकवायच्या. इडेलाने तसेच एकेक पिस्तूल आपल्या हाताला म्हणून दाखवले. मूठ घट्ट धरल्यावर बोट न ताणता चापापर्यंत पोचते का. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी चटकन दिसते का. उघडून रिकामे करायला कोणाची मदत लागते का. एका कुशीत पोराएवढे ओझे असेल तर दुसऱ्या एका हाताने पेलते का. त्यासाठी तिने बटाट्यांचे पोते उचलून धरले. पाच गोळ्या सलग झाडल्यावर सहावी झाडावीशी वाटते का. मग ती झऱ्यावर गेली, दोन्ही हात कोपरापर्यंत भिजवून आली आणि सगळी पिस्तुले पुन्हा उचलू लागली.

लष्करी गडी वैतागला. "आता हे काय?"

"घरात मी बहुतेक वेळ भांडी घासत असते. चोर काही माझे हात वाळायची वाट बघणार नाही."

ओल्या हाताने त्याच्या पिस्तुलाची गोळी चढवायची वरची पट्टी तिला मागे खेचता येईना. इतर दोन-तीनही बाद झाली. शेवटी गोधडीवर उरले ओव्हाच्या वडिलांचे एक काळे, साधे, जड रिव्हॉल्व्हर. वीतभर तरी नळी असेल. त्याच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते. इडेलाने ते सहा वेळा झाडले आणि डोळे मिटले नाहीत. "हे," ती म्हणाली. एक नवी गोधडी आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांची एक जोडी यांच्या बदल्यात ते आमच्या घरी आले.

ओव्हा आताच म्हणाली, "त्यातली एक कोंबडी खुडूक निघाली, तेही लिही." लिहिले.

पुढे इडेलाने त्यासाठी आकड्यांच्या कुलपाची पोलादी पेटी पलंगाशेजारच्या भिंतीत बसवून घेतली, कारण पोर आता चालू लागणार होते. घरात तिचा नियम एकच. काही खुट्ट झाले की पोरे घेऊन आमच्या खोलीत यायचे, दार लावायचे, पोलिसांना फोन करायचा आणि मोठ्याने ओरडून सांगायचे की इथे हत्यार आहे. घरभर चोर शोधत फिरायचे नाही. ते रिव्हॉल्व्हर तिने आयुष्यात एकदाही माणसावर रोखले नाही. पण मी गाडीवर असलो की तिला झोप लागायची, आणि ती झोपली आहे हे ठाऊक असल्याने मला डोंगर चढणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून चांदण्याकडे पाहता यायचे. माझ्या साऱ्या कविता त्या बाईच्या पहाऱ्याखाली पाठ राहिल्या.

कलम दुसरे. सदर काळे रिव्हॉल्व्हर. लीथाला वाटते की मी ते तिला देणार. ड्वाइटलाही वाटते की आईची आठवण म्हणून ते त्याला मिळावे. मी ते तूर्त कोणालाच देत नाही. इडेलाने आपला हात पाहून ते निवडले होते. लीथाचा हात तिच्यापेक्षा लहान आहे. आजीचे आहे म्हणून नातीने ते मुकाट्याने उचलावे, हे इडेलाला चालले नसते. म्हणून असे: माझ्या मयताच्या जेवणाला सगळे खोरे जमेलच. जेवणानंतर दगडखाणीत गोधडी अंथरावी. ज्याचे जे असेल ते त्याने आणावे. त्यात हे काळेही ठेवावे. लीथाने सगळी हातात धरून, उडवून, ओल्या हाताने उचलून पाहावीत. काळे बसले तर ते तिचे. दुसरे बसले तर काळे ड्वाइटने घ्यावे व लीथाला हवे ते घेऊन द्यावे. एकही बसले नाही, तर घर विकायला माझी हरकत नाही, आणि कोणी तिला घाबरट म्हणू नये. पण निवडीआधी नाही म्हणू नये, एवढीच माझी विनंती.

कलम तिसरे. ड्वाइटने लीथाला वाढदिवसाला दिलेले गुलाबी मुठीचे बोटभर पिस्तूल साभार परत करावे. मनाने तो चांगला आहे. पण तिने ते एकदाच उडवले, अंगठ्याजवळची कातडी सोलली गेली, आणि ते आता भांडी पुसायच्या फडक्यांखाली पडून आहे. "आजोबा, मला हे जमणारच नाही," असे ती म्हणाली ते त्याच दिवशी. पोरीला वाटते चूक तिच्या हाताची. मी फोनवर ड्वाइटला सांगितले, तर तो म्हणाला, "लहान आहे म्हणजे सोपंच असणार ना? आजकालची पोरं नाजूक." ज्या मुलाला आईने एका काखेत धरून तवा उचलला, त्याने हे बोलावे! त्यानंतर आमचे बोलणे नाही. हा राग मी कोणालाही वारसा म्हणून देत नाही. माझ्याबरोबर घेऊन जाईन.

कलम चौथे. शाळेतले कवितांचे पुस्तक लीथाला. पाने सुटली आहेत. जहाजाची कविता पानावर नसली तरी चालेल, ती तिला पाठ आहे, फक्त ती कबूल करत नाही.

कलम पाचवे. बिडाचा तवा ओव्हाला द्यायचा होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकिलाने सांगितले. म्हणून तो मी आज जिवंत हातांनी तिला दिला आहे. ती म्हणते घासून दिला असता तर बरे झाले असते. बिडाचा तवा घासत नाहीत हे तिला इतक्या वर्षांत कळलेले नाही.

वरील सर्व मी माझ्या अक्षरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दुपारच्या उजेडात लिहिले आहे. ठिकाण लॉरेल खोरे, पूर्व केंटकी. रविवार, १३ ऑक्टोबर २०२४.

सही: थर्मन एस्टेप

साक्षीदार पहिली: ओव्हा स्लोन

साक्षीदार दुसरा: (पाद्री क्लेल रॅटलिफ प्रार्थनेनंतर येतो म्हणाले होते. अंगणात मोटार थांबली आहे, तेच असावेत. लीथा दार उघडायला गेली.)

पाद्री नव्हेत. दारात ड्वाइट उभा आहे. न कळवता आला आहे. उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात हे मोठे पांढरे फडके गुंडाळलेले. ओव्हा विचारते आहे, काय रे हे. तो माझ्याकडे न बघता लीथाला सांगतो आहे, "तुला दिलं तसलंच एक मी काल मित्राकडे उडवून पाहिलं. दोनदाच. पोरी, तू ते एकदा तरी कसं उडवलंस? चल, माझं मोठं आणलंय, गाडीत आहे. बाबांना विचार, आईचं काढतील का. आणि हात भिजवून ये."