नाना तिच्याशीच बोलतात

१२ जानेवारी
नानांना नंदुरबारहून परत आणलं. पोटातला कॅन्सर यकृतात गेलाय, आता घरीच ठेवा, डॉक्टर म्हणाले. गाडीत नाना पुढे बसून ड्रायव्हरला गिअर कधी टाकायचा ते सांगत होते. हयातभर मोलगीच्या घाटात जीप चालवली, दुसऱ्याचं काय पटणार. म्हसावद येईपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही.

१६ जाने.
शाळेत रजा टाकली. बायको म्हणाली, कशाला, मी आहे ना. सुनंदाचं हे ‘मी आहे ना’ टोचलं. दुपारी पेज भरवायला बसलो तर नानांनी तोंड फिरवलं.
“तू ऱ्हाऊ दे, मास्तर. तिले बलाव.”
पोटच्या पोराला मास्तर. सुनेला बेटा.

२१ जाने.
आतून हसण्याचा आवाज. नाना तिला सांगत होते, घाटात जीपमध्येच एक बाई बाळंत झाली, पोराचं नाव तिनं नानांचंच ठेवलं. मी दाराशी उभा. चाळिशी उलटली माझी, ही गोष्ट मला माहीत नाही. आत गेलो तर गप्प. पाणी हवं का? नको.

२४ जाने.
सु.ला माहेरी पाठवलं, शहाद्याला. विश्रांती घे म्हटलं. खरं कारण मला ठाऊक आहे. नानांचे कपडे बदलले, कूस वळवली. सगळं करू दिलं, डोळे दाराकडे.
“तिले कोठे धाडं तू?”
तिची आई आजारी आहे म्हणालो. खोटं कळलं असावं, बघत राहिले नुसते. संध्याकाळी मीच फोन करून बोलावून घेतलं तिला.

३ फेब्रु.
सकाळी नाना गेले. मी पायथ्याशी, त्यांचा हात तिच्या हातात. ओठ हलले. ती वाकली, तिनं ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही.
गल्लीतल्या बायका तिच्याच गळ्यात पडून रडल्या. लेकच होती म्हणे ती त्यांची. अग्नी मी दिला. तेवढं तरी...

१७ फेब्रु.
तेरावं झालं, पाहुणे गेले. सु. म्हणाली, “शेवटी नाना तुमच्याबद्दल बोलले. सांगू?”
म्हटलं, मी तिथंच होतो, मला सांगायचं असतं तर सांगितलं असतं.
ती उठून आत गेली नाही. हे लिहितोय तर समोरच बसलीये, तांदूळ निवडत.
विचारलं नाही अजून.