पट्टा, नळी आणि मंडईचं मटण

११ नोव्हेंबर
डॉक्टर दिसला की माझा बीपी वाढतो, एवढंच. हे त्याला समजावलं तर म्हणाला, "खुशालराव, मग चोवीस तास मशीनच लावू." कमरेला डबा, दंडाला पट्टा. रात्रीचा आकडा जास्त निघाला तर मीठ बंद, मटण बंद. आणि रविवारी आमच्या कारध्याची मंडई, दिवाळीनंतरची गावजत्रा! दिघोरीहून साळे, बायकोचे भाऊ, येणार, बोकड ठरलेला.
संकल्प: आज आदर्श झोप. माझ्याइतका शांत माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही.

तीच तारीख, रात्री
शी! पट्ट्याला घामाचा वास. आधी कोणाकोणाच्या काखेशी राहून आलाय देव जाणे. अर्ध्या अर्ध्या तासाने घर्रर्र करून फुगतो. या कुशीवर डबा बोचतो, त्या कुशीवर नळी. चिडलो मुळीच नाही. उशी फेकली फक्त.
गोदावरी म्हणाली, "काहून फुरफुरून राहिले जी? झोपू द्या ना मले."
सुचलं! मशीनला आकडा कळतो, माणूस नाही. आणि बायको पडल्यापडल्या झोपते. पट्टा तिच्या दंडाला बांधायचं ठरवलं. ती म्हणाली, "बांधा कोठं बांधाचं ते, पन चूप राहा."
मग मी ढाराढूर.

१३ नोव्हेंबर
रिपोर्ट. दिवसाचा बरा, रात्रीचा भयंकर! डॉक्टर गोळ्या लिहू लागला. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. गोदावरीच बोलली, "रातचा बीपी माहा होय जी."
डॉक्टर टेबलाला धरून हसला. शिकलेल्या माणसाचं इतकं किळसवाणं हसू मी पाहिलं नव्हतं. मग गंभीर होऊन म्हणाला, आधी बाईंना मशीन लावू. ती म्हणाली, लावा, पण झोपाले मी दिघोरीले भावाकडं जातो.

१५ नोव्हेंबर
गोदावरीचा दिघोरीतला रात्रीचा आकडा म्हणे तरण्या पोरीसारखा. डॉक्टरने फोनवर विचारलं, घरी रात्री कसला आवाज असतो का? मी म्हटलं, काही नाही.
निष्कर्ष: दिघोरीला तलाव आहे, हवा गार. माझ्या घोरण्याचा संबंध नाही. मी घोरतच नाही. तिला फोन करून परत बोलावलं. म्हणाली, "दोन-चार दिवस झोपून घेतो, मग पायतो." साळेही येणार नाहीत. बोकड तिकडेच कापणार.
मशीन मात्र माझ्याकडे परत आली, आणि खरा आकडा कळेपर्यंत मीठ-मटण बंद.

१६ नोव्हेंबर, मंडई, रात्री
बिनमिठाची खिचडी. थूत्! कुत्र्यानेही वास घेऊन तोंड फिरवलं. मंडपातून नाटकाची पेटी ऐकू येतेय. पट्टा पुन्हा माझ्याच दंडाला, अजून घामटच. संकल्प तोच.
घर्रर्र झालं. मी मुद्दाम जरा जोरात फुरफुरलो. काहून, म्हणून कोणी विचारलं नाही.
झोप काही येत नाही.