ओटीवरचं गेट

कडाव, शुक्रवार

आमचे व्याही पदूशेठ यांना धाकलूचा दोन्ही हात जोडून रामराम.

इकडे आम्ही बरे आहोत, मोहोपाड्याला तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? जावईबापू धनेशची रात्रपाळी सुटली का? फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुमचा आवाज ऐकला की मला 'हो, बरं, ठेवतो' यापुढे काही सुचत नाही, आणि आभार मानायचे तर ते बसून, नीट, मध्ये कोणी न तोडता मानावेत.

आमची ऋतिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, नात झाली, मी पेढे वाटत गावभर हिंडलो. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, बाळाजवळ विडी नको. मी म्हटलं, कबूल, आणि विडी घेऊन ओटीवर आलो. तर पाळणा नेमका ओटीच्या खिडकीशी. (मीच टांगला होता, पोरीला वारा लागावा म्हणून. वारा लागला, पण माझ्या विडीवरून येणारा.) रिया शिंकायला लागली, छातीत घरघर सुरू झाली. मग आमच्या मंडळींनी, मोतीबाईने, माझी रवानगी गोठ्यात केली. तिथे ओढून मी तसाच आत यायचो, मिशीला वास, सदऱ्याला वास, आणि नात मांडीवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धूर कपड्यांवर बसून घरात येतो. आता धुराला पाय असतात हे मला कोणी सांगितलं होतं?

म्हणून मी शहाणपणा केला. विडी बंद, तंबाखू चालू! धूर नाही, वास नाही, कोणाला त्रास नाही. तळहातावर चुना घेऊन अंगठ्याने मळायची, गालात दाबायची, हात लुंगीला पुसायचा की झालं. त्या दिवशी तसाच हात पुसला आणि रियाला घेतलं. तिने माझा अंगठा धरला आणि चोखायला लागली. मी कौतुकाने मोतीबाईला हाक मारतोय, "बघ गं, आज्याला कशी वळखते!" आणि पोर किंचाळली. मग ओकतच सुटली, आणि मला तर वाटलं मान टाकली तिने. शेजारच्याचा टेंपो काढून कर्जतला नेलं. वाटेत मी कुठल्या देवाला काय काय कबूल केलं ते आता मलाही आठवत नाही, देवांनीच समजून घ्यावं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझा अंगठा हुंगला आणि मला असं झाडलं की बाहेर बसलेल्या लोकांनीही आपापल्या पुड्या मुकाट खिशात खोल सरकवल्या. संध्याकाळी पोर हसली. मला मात्र रडू आवरेना, लाज कसली त्यात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. खरं सांगतो, ऋतिकाची बॅग मी स्वतः भरून ओटीवर ठेवली होती. म्हटलं, व्याही आता चार शिव्या देणार आणि सून-नात घेऊन जाणार, आणि त्यांचं काही चुकत नाही. तुम्ही पाणी प्यालात, बॅग आत ठेवायला सांगितलीत आणि खिळे मागितलेत. खिळे! ओटीच्या खांबाला पत्र्याचा डबा ठोकलात आणि म्हणालात, "आमच्या कंपनीत गेटवर विडी-काडी काढल्याबिगर साहेबालापन आत सोडत नाय. आजपासून हे तुमचं गेट." पहिली झडती माझी. खिशातून पुडी निघाली, टोपीतून पुडी निघाली, कानामागून एक विडीही निघाली. (ती कधीची होती देव जाणे.) पण तोंडातून वाकडा शब्द काढला नाहीत, पदूशेठ. हे उपकार मी विसरणार नाही.

आता गेटची हकीकत. आपल्याकडे ओटीवर माणूस आला की पाण्याच्या आधी त्याच्यापुढे तंबाखूची चंची सरकवायची रीत. मी मात्र आता रामराम झाल्या झाल्या म्हणतो, "काढा तुमची." म्हशीचा दलाल संतोष तर सौदा अर्धा टाकून निघून गेला. चुलतभाऊ विठू रुसून यायचा बंद झाला, मग परवा हळूच आला आणि असा डबा कुठे मिळतो विचारू लागला, त्याच्या सुनेला दिवस गेलेत. डब्याला कुलूप आहे आणि किल्ली मोतीबाईच्या कमरेला. अर्ध्या गावाची तंबाखू माझ्या नाकासमोर आणि राखणदार मी! डोकं दुखतं, म्हशीवरही ओरडतो. पण त्या दिवसापासून शिवलेलो नाही. तुमच्यामुळे. थोरामोठ्यांना नमस्कार, धनेशला आशीर्वाद.

तुमचा ऋणी,
धाकलू

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. पुढच्या रविवारी तुम्ही मायलेकींना न्यायला येणार आहात, ते एवढ्यात नको. पोर घरात आहे म्हणून मी धड आहे. ती गेली की डबा पहिला मीच फोडीन. महिनाभर राहू द्या, पाया पडतो.

ता. क. वरचा ता. क. खोडला असं समजा. पत्र मोतीबाईला वाचून दाखवलं. म्हटलं हसेल. ती म्हणाली, "नातीला एक दिस तरास झाला तर डबा आला. मी या घरात आल्यापासून खोकतेय, माझ्यापायी कुनी खिळा मारला नाय." आम्ही त्याला चुलीचा खोकला म्हणायचो. घरात गॅस येऊन जमाना झाला, तरी चुलीचाच म्हणायचो. तर रविवारी याच. ऋतिकाला, रियाला न्या, आणि मोतीबाईलाही न्या. तुमच्या ओळखीच्या छातीच्या डॉक्टरला दाखवा. माझ्याबरोबर जायला तयार नाही, तुमच्या शब्दाखातर येईल. डॉक्टर विचारतील, घरात विडी कोण ओढतं. ती 'कोणी नाही' म्हणेल, मला ठाऊक आहे. तुम्ही माझं नाव सांगा.